मदत हवी आहे: चिंध्यांच्या वेणीचं पायपुसणं वाटीसारखं वर येतंय

नमस्कार. जुन्या सुती साड्यांच्या दोन इंची पट्ट्या, तीनपेडी वेणी, ३ बाय २ फुटांचा लंबगोल. मधली वेणी, जिच्याभोवती बाकीच्या फेऱ्या गुंडाळून शिवायच्या, १ फूट (लांबी वजा रुंदी) धरली आहे. चौथ्या फेरीपासून दोन्ही टोकं उचलली जातायत, सरळ बाजू मात्र सपाट. प्रत्येक टोकाच्या वळणावर बाहेरच्या वेणीच्या कडेचे तीन पेड टाका न घालता सोडते, म्हणजे तिथे बाहेरची वेणी जास्त लांब बसते. ते कमी पडतात का? जास्त सोडले की कडेला झालर पडते, म्हणून नेमका आकडा हवाय.

दुसरं, दोरा कुठला? आमच्या गोव्याच्या पावसात सुती दोरा कुजतो, मासेमारीच्या जाळ्यांचा नायलॉन दोरा जुनं कापड कापतो. मेणवलेला पॉलिस्टर चालेल? चौथी फेरी उसवायची तयारी आहे, इस्त्रीने दाबून बसवायचं नाही.