पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती काढण्याच्या) एकाच प्रायमरचे तीन टीएम, म्हणजे निम्मे प्रायमर डीएनएपासून सुटतात ते तापमान, धरायचा कुठला?

बेंचवरची: २० बेसचा प्रायमर (प्रत सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा), त्यातले १० जी किंवा सी. २-४ च्या नियमाने (ए-टीला २ अंश, जी-सीला ४) ६० येतो, ऑनलाइन टूल ५५ म्हणतं, एन्झाइमवाल्यांचं कॅल्क्युलेटर ६३. अनीलिंग (प्रायमर चिकटायचं तापमान) कितीला ठेवू?

जुना_पीसीआरवाला: २-४ सोड गं, तो १४ बेसच्या आतल्या तुकड्यांपुरता, शेजारी कुठला बेस आहे ते तो बघतच नाही. टूलच्या सेटिंगमध्ये जा, सोडियम ५० आणि मॅग्नेशियम शून्य असणार बहुतेक. तुझ्या मिक्समध्ये काय आहे?

बेंचवरची: केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) ५० मिलीमोलर, मॅग्नेशियम १.५, डीएनटीपी (डीएनए बांधायचे चार सुटे घटक) प्रत्येकी ०.२. डीएमएसओ (डीएनएची जोडी सैल करणारं द्रावक) ५% घातलंय

जुना_पीसीआरवाला: मग हिशोब असा, चार डीएनटीपी मिळून ०.८, ते जवळपास तेवढंच मॅग्नेशियम अडकवून ठेवतात, मोकळं उरलं ०.७, त्याचं वर्गमूळ गुणिले १२० म्हणजे साधारण १००, वर केसीएलचे ५०, झालं १५० मिलीमोलर सोडियमच्या तोडीचं. टूलच्या ५० सोडियमच्या मानाने टीएम पाच-सात अंश वर. पण डीएमएसओ टक्क्यामागे ०.६ च्या आसपास खाली ओढतं, म्हणजे तीन गेले.

जेलमध्ये_अडकलेला: प्रायमरचं प्रमाणही भरा टूलमध्ये, ते बदललं की टीएम एखाद-दोन अंश हलतोच. आणि हिशोब कितीही केला तरी ग्रेडियंट (प्रत्येक नळीला वेगळं अनीलिंग तापमान) लावाच, ५२ ते ६२, एका रनमध्ये कळतं.