घरी बनवलेला सबवूफर रिसीव्हरला जोडला की घूंऽऽ करतो. मदत हवी आहे

मंडळी,
दोन वर्षं रखडलेला सबवूफर (फक्त खोल बास वाजवणारा स्पीकर) गणपतीच्या सुट्टीत एकदाचा पुरा केला. १८ मिमी एमडीएफचा बंद डबा, १० इंची ८ ओहमचा वूफर, टीडीए ७२९४ या आयसीचा (चिपचा) अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड, २४-०-२४चा ट्रान्सफॉर्मर (डीसी ±३४ व्होल्टच्या आसपास). सगळं पुण्याच्या तपकीर गल्लीतून पायपीट करून आणलेलं. मोबाईल लावून वाजवला तर मांडणीतली भांडी किणकिणली, आई बाहेर डोकावून गेली.

पण होम थिएटरच्या रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरना आवाज वाटणारा अ‍ॅम्प्लिफायर) सबवूफर प्री-आउटला (सबसाठीचा सिग्नल जिथून निघतो ते सॉकेट) आरसीए केबल जोडली की सतत घूंऽऽ. रिसीव्हरचा आवाज शून्यावर आणला तरी तेवढंच, सबची नॉब फिरवली की मात्र कमी-जास्त होतं. केबल बदलून झाली. केबल काढून इनपुट शॉर्ट केला (त्याची दोन टोकं एकमेकांना जोडली) तर चिडीचूप, म्हणजे बोर्ड आणि सप्लाय ठीक असावेत.

सबला थ्री-पिन आहे, मागची लोखंडी प्लेट अर्थ केलीय. रिसीव्हर टू-पिन. ओळखीचा वायरमन म्हणतो, "अर्थिंगची वायर छाटा, विषय संपला." घरात रांगतं पोर आहे, मला ते पटत नाही.

शिवाय बोर्डावर १०० हर्ट्झचा फिल्टर आहे (त्यावरचे सूर अडवणारा) आणि रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे तसाच फिल्टर, ८०चा. दोन्ही ठेवू का?

प्रतिसाद:
अर्थिंगला हात लावू नका! असं घूं बहुधा दोन वेगळे अर्थ एकमेकांना जोडले गेले की येतं. रिसीव्हर टू-पिन आहे, मग दुसरा अर्थ येतोय कुठून? टीव्हीला केबल आहे ना? तिचा अर्थ टीव्हीच्या जोडणीतून रिसीव्हरपर्यंत पोचत असेल. सेट टॉप बॉक्सची कोएक्स (केबलवाल्याची गोल वायर) उपसून बघा. नुसता बॉक्स बंद करून भागणार नाही. घूं थांबलं तर त्या वायरीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थची जोडणी तोडणारा छोटा जोड) घाला. (डिश अँटेनाची छत्री असेल तर तो चालत नाही, छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच वायरीतून १३/१८ व्होल्ट जातात.)
फिल्टर एकच ठेवा, रिसीव्हरचा. बोर्डावरचा बायपास करा, नाहीतर ८०च्या आसपास बास पातळ लागेल. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये बाकीचे स्पीकर 'स्मॉल'वर टाकायला विसरू नका, म्हणजे त्यांचा बास सबकडे जाईल.

धागाकर्ता:
दादा, कोएक्स उपसली आणि घूं गायब! तीन रविवार मी बोर्डाला शिव्या घालत होतो. आयसोलेटर आणतो. आता एवढंच राहिलं: स्विच दाबताना 'धप्प' होतं. आयसीच्या म्यूट आणि स्टँडबायच्या (आवाज बंद ठेवणाऱ्या) पिना बोर्डवाल्याने थेट प्लस सप्लायला जोडल्यात. तिथे रेझिस्टर-कपॅसिटर घालून उशीर दिला तर जाईल का?