नजरबंदी डोळ्यांची की डोक्याची?

फेरीबोट
म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत एका जादूगाराने लिंबू दोनदा वर उडवून झेललं. तिसऱ्यांदा उडवलं ते हवेतच गडप. वर जाताना मी याच डोळ्यांनी पाहिलं! सात वर्षांची लेक म्हणते, "बाबा, त्याच्या हातातच होतं ते."

घरी येऊन वाचलं, तर लेकीचं खरं. मानसशास्त्रज्ञ गुस्ताव कून (स्वतः जादूगारही) यांनी २००६ साली हाच खेळ चेंडूने करून तपासला. तिसऱ्या वेळी चेंडू हातातच, जादूगार बघतो मात्र वर. तीनांतल्या दोघांना चेंडू वर जाताना 'दिसला'. गंमत म्हणजे त्यांचे डोळे बहुतेक वर गेलेच नव्हते, ते त्याच्या चेहऱ्याकडे होते. त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं, तर फसणारे निम्म्याहून कमी. मग 'नजरबंदी' कसली? डोळे मोकळेच होते, चेंडू डोक्याने उडवला. हे शाळाशाळांत करून दाखवावं, गुपितासकट.

काजूबोंडू
साफ नामंजूर. त्या गरिबाच्या पोटावर पाय कशाला? गुपित फुटल्यावर लिंबू बघायला कोण थांबेल?

फेरीबोट
दशावतारात संकासुर राक्षस सजताना आपण बघतोच की. तरी तो पुढ्यात आला की पोरं आईच्या मागे लपतात.

मांडवीकाठ
फेरीबोटशी सहमत. पणजीत अबे फारियाचा पुतळा आहे ना? कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसात हेच सांगत होता: ताकद प्रयोग करणाऱ्याच्या हातात नाही, समोरच्याच्या मनात आहे.

काजूबोंडू
अहो, ते संमोहन! हातचलाखी वेगळी, एका टोपलीत घालू नका. आणि कळल्याने काय होतं? १९९९ च्या एका प्रयोगात चित्रफितीतले चेंडूचे पास मोजताना निम्म्या लोकांना समोरून गेलेलं गोरिलाचं सोंग दिसलं नाही. लक्ष एकीकडे गुंतलं की दुसरीकडचं सुटणारच, शिकवा नाहीतर न शिकवा.

मांडवीकाठ
टोपलीचं मान्य. पण 'मी स्वतः पाहिलं' म्हणत बुवांच्या चमत्काराची साक्ष देणारा जरा तरी थबकेल.

काजूबोंडू
बुवाचं बुवापाशी. जत्रेतल्याला सोडा. बरं, लेक कशी फसली नाही, ते राहिलंच.

फेरीबोट
विचारलं तिला. पुढच्या माणसाच्या कोपराखालून बघत होती. तिला जादूगाराचं तोंड दिसतच नव्हतं, नुसता हात.