शब्दचर्चा : कडू, कडसर, कडवट (आणि बिअर)

गोदाकाठ :

एकच बिअर एकाला 'कडसर' लागते आणि शेजारच्याला 'कडवट'. जिभा वेगळ्या की शब्द?

वाइन कशी चाखायची हे नाशिककरांना गंगापूर धरणाकडच्या वायनऱ्यांमध्ये शिकायला मिळालं. 'ड्राय', 'टॅनिन' हे शब्द तिथूनच आपल्या तोंडी बसले. क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बनवलेली बिअर, आपल्याकडे नवी, तिच्यासाठी अजून घरातलेच शब्द वापरले जातात, आणि मला ते फार आवडतं. पण आमच्या गटात आयपीए (बऱ्यापैकी कडू असलेला बिअरचा एक प्रकार) निघाली की हमखास वाद होतो. त्यातला निम्मा वाद शब्दांचा असतो असं माझं मत झालं आहे.

मराठीत चवीचे शब्द पुष्कळदा जोडीनं येतात. संवेदना तीच, पण एक शब्द शाबासकी देतो आणि दुसरा नापास करतो. गोडसर आणि गुळचट. खरपूस आणि करपट. पातळ आणि पाणचट. झणझणीत आणि जळजळीत. मिसळीच्या एकाच तर्रीला कुणी झणझणीत म्हणतं, कुणी जळजळीत, तरी भांडण होत नाही. तर्री तीच आहे, सोसणारे वेगळे आहेत, हे दोघांनाही कळत असतं. बिअरबद्दल मात्र 'कडवट आहे' असं म्हणताना आपण तिचा गुणधर्म सांगितल्याचा आव आणतो. मग ज्याला ती आवडली, त्याला आपली आवडच खोडून काढल्यासारखं वाटतं.

बिअरमधला कडूपणा मोजता येतो. हॉप्स या वेलीच्या फुलांमधली अल्फा आम्लं उकळताना रूप बदलतात आणि कडू होतात. त्यांच्या मोजमापाचा आकडा म्हणजे आयबीयू. गव्हाच्या जर्मन हेफेवायझनमध्ये तो साधारण ८ ते १५ असतो, अमेरिकन पद्धतीच्या आयपीएमध्ये ४० ते ७०. आकडा सगळ्यांना सारखा, अनुभव नाही. माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूची, गोडी भरपूर असेल तर ४०सुद्धा सौम्य लागतात. शिवाय जिभांतही फरक असतो. १९३१ साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड हवेत उडाली. सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्सला काहीच चव आली नाही. हा फरक आनुवंशिक निघाला. हॉप्सचा कडूपणा जिभेवरचे वेगळे संवेदक टिपतात, त्यामुळे पीटीसीवरून कुणाला आयपीए आवडेल हे सांगता येणार नाही. पण समोरच्याला आपल्याइतकंच कडू लागत असेल, हे गृहीत धरणं सोडायला हवं.

म्हणून माझी सूचना : 'कडू' हे वर्णन, 'कडसर' म्हणजे कमी कडू, आणि 'कडवट' हा निकाल. स्वभावाला आणि आठवणींनाही आपण कडवटच म्हणतो, त्यामुळे त्या शब्दातून नापसंती काढून टाकता येणार नाही. निकाल द्यायला हरकत नाही, पण 'मला कडवट लागली' असा द्यावा. 'कडवट आहे' असा नको.

'कडक' हा तर निराळाच शब्द. कडक बिअर म्हणजे अल्कोहोल जास्त. दुकानातल्या स्ट्राँग लागर बिअरमध्ये ते ८ टक्क्यांपर्यंत असतं, कडूपणा मात्र बेताचाच. 'मला कडक चालत नाही' म्हणून कमी अल्कोहोलची पेल एल नाकारणारे आणि स्ट्राँग लागर आनंदाने पिणारे, दोघेही मी पाहिले आहेत.

तिक्तरस :

'कडू' आला संस्कृत 'कटु'वरून. पण आयुर्वेदातल्या सहा रसांत कटु म्हणजे मिरी-सुंठीचा रस, म्हणजे आपला तिखट. कारलं आणि कडुनिंब यांचा रस तो तिक्त. मराठीत येईपर्यंत कटु सरकून तिक्ताच्या जागेवर बसला. बंगालीत तसं झालं नाही. तिथे 'तेतो' म्हणजे कडू, तो थेट तिक्तावरून आलेला. आणि बंगाली जेवणात कडू पहिल्यांदा वाढतात, शुक्तो. आपण पाडव्याला कडुनिंब खातो तो गूळ आणि ओवा घालून, एकदाच. कडू चव मुद्दाम मागून घ्यायची सवय आपल्या ताटाला मेथी-कारल्यापलीकडे फारशी नाही. तेव्हा 'कडू'ला निव्वळ वर्णन म्हणणं मला अवघड वाटतं. 'तोंड कडू झालं' यात आनंद कुठे आहे?

द्राक्षबाग, दिंडोरी :

ताई, तुरट राहिला. आमच्या बागेत वाइनचं द्राक्ष तोडणीला आलं का हे बघताना नुसती गोडी बघत नाहीत, बीही चावून बघतात. कच्चं असेल तर गालाच्या आतली कातडी आवळून येते. ती चव नव्हे, स्पर्श आहे. बिअरला कडू म्हणणारे कितीतरी जण खरं म्हणजे तुरट म्हणत असतात.

गोदाकाठ :

अगदी खरं, दादा. आणि बिअरमधल्या तुरटपणाचं कारणही वेगळं असतं. माल्ट धुताना पाणी फार गरम झालं, तर सातूच्या टरफलातून टॅनिन हे तुरट द्रव्य उतरतं. बिअर करणाऱ्याला 'कडू झाली' म्हणून सांगितलं तर तो हॉप्स कमी करेल आणि दोष जागेवरच राहील. नेमका शब्द वापरायचा तो एवढ्यासाठी.

तिक्तरस, 'तोंड कडू झालं' मान्य. पण 'कडू' शब्दच टाकून दिला तर कडू आवडणाऱ्याने काय म्हणायचं? आमच्यातले आयपीएवाले हल्ली 'छान कडू' म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना कानाला खटकलं, आता खटकत नाही. वापरून वापरूनच शब्द मवाळ होतो.

आंबटाचंही असंच. लाइपझिगकडची गोझं नावाची बिअर असते, मीठ आणि धणे घातलेली, लॅक्टिक आम्लाने आंबट झालेली. ती एकाने तोंडाला लावून 'आंबली आहे' म्हणून ठेवून दिली. इथे मराठी व्याकरण उपयोगी पडतं. पीठ आपण आंबवतो, वरण आंबतं. प्रयोजक रूपात हेतू आहे, साध्या रूपात नासणं आहे. बिअर सगळीच आंबवलेली, त्यातली काही आंबट, आणि आंबलेली फक्त बिघडलेली.

चिवडा_पोहे :

थोडं विषयांतर, पण नाशिककरांच्या हक्काचं. पुण्यात २००९ साली 'डुलाली' ही क्राफ्ट बिअरची ब्रुअरी सुरू झाली. इंग्रजीत 'डुलाली' म्हणजे डोकं फिरलेला, आणि तो शब्द आपल्या देवळालीचा. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजीर देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून असायचे, त्यांच्या भ्रमिष्टपणाला 'देवळाली टॅप' नाव पडलं. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

मूळ विषयावर : 'वास' या शब्दाचं काय करायचं? हेफेवायझनला केळ्याचा वास येतो म्हटलं की लोक ग्लास खाली ठेवतात.

गोदाकाठ :

हो, कारण नुसता 'वास येतोय' म्हणजे दुर्गंधीच. केळं आणि लवंग दोन्ही तिथे यीस्टमुळे तयार होतात, फळ किंवा मसाला घातलेला नसतो, हे आधी सांगितलं तर लोक पुन्हा हुंगून बघतात. 'सुगंध' म्हटलं की पुन्हा निकाल आला. 'दरवळ' खोलीभर पसरतो, ग्लासात नाक घालून घेण्यासारखा तो नाही. मी 'गंध' वापरते. बोलताना जरा पुस्तकी वाटतो, पण 'मृद्गंध' आपण सहज म्हणतोच.

द्राक्षबाग, दिंडोरी :

गंध चालेल. आमच्याकडे मजूरसुद्धा 'फुलोऱ्याचा गंध सुटला' म्हणतात.