मदत हवी आहे: भाषणांत सांगितलेला कॅश मेमरीचा फरक आमच्या लॅपटॉपवर दिसत नाही (ठाणे)

कोपरी_पूर्व:

नमस्कार मंडळी. ठाण्यात डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना दर रविवारी संगणकाचा इतिहास आणि सॉफ्टवेअरचा वेग या विषयांवरची भाषणं पडद्यावर दाखवतो, नंतर तासभर चर्चा असते. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांचं १९८२ सालचं व्याख्यान (अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०२४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं ते) झालं आणि त्याला जोडून मेमरी, कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी), डेटाची मांडणी यांवरची अलीकडची काही भाषणं झाली. मुलांच्या प्रतिक्रिया दोन टोकांच्या आहेत. एक गट म्हणतो, हल्लीचे प्रोग्रॅमर आळशी, म्हणून सगळं संथ चालतं. दुसरा म्हणतो, हे जुन्या पिढीचं रडगाणं आहे, आता कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) सगळं बघून घेतो.

यावर प्रात्यक्षिक लावलं तर आकडे दुसऱ्या गटाच्याच बाजूने पडले. तपशील देतो.

लॅपटॉप: इंटेल आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, उबुंटू लिनक्स २२.०४, जीसीसी ११ कंपायलर, भाषा सी.

पहिली चाचणी: ४०९६ × ४०९६ इंटचा (पूर्णांकांचा) ॲरे मॅलॉकने (मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) घेतला, एकदा ओळीओळीने बेरीज केली, एकदा स्तंभास्तंभाने. ऑप्टिमायझेशन बंद (ओ०) असताना ओळी ४२ मिलिसेकंद, स्तंभ ६६. भाषणात दहा-वीसपट सांगितलं होतं, इथे जेमतेम दीडपट. ओ३ (जोरदार ऑप्टिमायझेशन) लावल्यावर दोन्ही शून्य.

दुसरी चाचणी: १ कोटी इंट, एकदा ॲरेमध्ये, एकदा लिंक्ड लिस्टमध्ये (प्रत्येक नोडमध्ये पुढच्या नोडचा पत्ता). ओ० वर ॲरे २० मिलिसेकंद, लिस्ट ४१. म्हणजे दुप्पट.

एका मुलाच्या विंडोज लॅपटॉपवर तर वेळ ० येतो, नाहीतर १५-१६. मधलं काहीच नाही.

मुलांचं म्हणणं, वक्त्यांनी फुगवून सांगितलं. तसं नाही याची खात्री आहे, पण ती पडद्यावर आकड्यांनी दाखवता आली पाहिजे. चाचणी कशी रचावी आणि आत्ताचे आकडे असे का येतात, दोन्ही सांगा. का ते कळल्याशिवाय नुसता दुरुस्त कोड मुलांपुढे ठेवायचा नाही.

सानपाडा:

तुमच्या पहिल्या चाचणीत तीन गोष्टी एकात एक अडकल्या आहेत, त्या सुट्या करू.

ओ३ वर शून्य येतं कारण बेरजेचं उत्तर तुम्ही कुठे वापरत नाही. छापलं नाही, परत पाठवलं नाही, तर कंपायलर ते लूप उडवून टाकतो आणि तो त्याचा हक्क आहे. प्रत्येक फेरीनंतर बेरीज छापा. तेवढं पुरतं.

बेरीज छापूनही ओ३ वर दोन्ही आकडे जवळपास सारखे येऊ शकतात. जीसीसी ८ पासून ओ३ मध्ये लूपची अदलाबदल करणारा टप्पा चालू असतो. इंटची साधी बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी उत्तर तेच, म्हणून कंपायलर तुमचा स्तंभांचा लूप ओळींचा करून टाकू शकतो. इथे दुसऱ्या गटातल्या मुलांना न्याय द्या, या एका ठिकाणी कंपायलरने खरंच बघून घेतलं. पण इंटच्या जागी फ्लोट घाला. फ्लोटच्या बेरजेत क्रम बदलला की उत्तराचे शेवटचे अंक बदलतात, त्यामुळे फास्ट-मॅथ हा पर्याय दिल्याशिवाय कंपायलर हात लावत नाही. हे जरूर दाखवा. प्रात्यक्षिकाची मुख्य मोजणी मात्र इंट ठेवून ओ२ वर (मधल्या पातळीच्या ऑप्टिमायझेशनवर) करा. ओ० वर कधीच नको, कारण तिथे प्रत्येक बेरीज स्टॅकवर लिहून परत वाचली जाते आणि त्या वेळेखाली मेमरीचा फरक दबून जातो.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मॅलॉकने ६४ एमबी घेतले, पण त्यात काही लिहिलं का? लिनक्स मॅलॉकच्या वेळी खरी रॅम देतच नाही. न लिहिलेलं पान (मेमरीचा ४ केबीचा तुकडा) नुसतं वाचलं, तर तिथे शून्यांनी भरलेलं एक सामायिक पान जोडून देतो. तुमच्या ॲरेची १६,३८४ पानं आहेत आणि ती सगळी प्रत्यक्षात त्या एकाच ४ केबीच्या पानाकडे बोट दाखवताहेत. कॅश भौतिक पत्ता बघून ओळख ठेवते. म्हणजे तुमचा ६४ एमबीचा ॲरे ३२ केबीच्या एल१ मध्ये (सर्वात जवळच्या कॅशमध्ये) आरामात बसला, मग ओळ काय आणि स्तंभ काय! मोजणीआधी प्रत्येक घरात आय अधिक जे असं काहीतरी लिहा. याने पहिल्या स्पर्शाचे पेज फॉल्टही (पान जोडून देण्याचा खर्च) मोजणीच्या बाहेर जातात, जे आत्ता तुमच्या ओळींच्या खात्यात पडताहेत.

विंडोजवाल्या मुलाचं घड्याळ बदला. विंडोजच्या सिस्टीम घड्याळाचा ठोका मुळात १५.६ मिलिसेकंदांचा, म्हणून ० किंवा १५-१६. तिथे क्वेरी-परफॉर्मन्स-काउंटर, लिनक्सवर क्लॉक-गेट-टाइम मोनोटॉनिकसह.

कळवा_खाडी:

लिंक्ड लिस्टबद्दल. तुम्ही बहुतेक एका लूपमध्ये नोड मॅलॉक करत गेलात आणि शेवटी जोडत गेलात. अशा वेळी ग्लिबसीचा (लिनक्सच्या सी लायब्ररीचा) मॅलॉक नोड एकापुढे एक ठेवतो. लिस्ट नावाला लिस्ट आहे, मेमरीत ती सरळ पट्टीच आहे, आणि प्रोसेसरमधला प्रीफेचर पुढची कॅश लाइन (कॅशमध्ये एकदम येणारा ६४ बाइटांचा तुकडा) आधीच ओढून आणतो.

दुप्पट लागण्याचं कारणही बघून घ्या. इंट ४ बाइट, पॉइंटर ८, अलाइनमेंट धरून नोड १६ बाइटांचा. त्यावर मॅलॉकची स्वतःची नोंद, म्हणून प्रत्यक्षात प्रत्येक नोड ३२ बाइट अडवतो. ६४ बाइटांच्या एका कॅश लाइनमध्ये ॲरेचे १६ इंट येतात, तुमचे नोड दोनच. १ कोटी नोड म्हणजे ३२० एमबी, ॲरे ४० एमबी. ओ२ वर गेलात की हीच तफावत उघडी पडेल.

खरी लिस्ट दाखवायची तर असं करा: नोड एका ॲरेत घ्या, ० ते १ कोटी वजा १ असे क्रमांक दुसऱ्या ॲरेत भरा, ते फिशर-येट्स पद्धतीने पिसा आणि त्या पिसलेल्या क्रमाने नेक्स्ट पॉइंटर जोडा. पिसताना रँड मॉड्युलो वापरू नका. विंडोजच्या सी लायब्ररीत रँड ३२,७६७ च्या पुढे जात नाही, मग १ कोटी घरं नीट पिसली जात नाहीत. एक साधा एक्सॉरशिफ्ट (यादृच्छिक आकडे देणारा छोटा कोड) लिहा, बीज (सुरुवातीचा आकडा) ठरलेलं ठेवा, म्हणजे प्रत्येकाच्या मशीनवर तीच लिस्ट येईल.

पुढचा नोड कुठे आहे हे आत्ताचा नोड वाचल्याशिवाय कळत नाही, आणि पत्ता उडी मारत असल्यामुळे प्रीफेचरला अंदाज बांधता येत नाही. प्रत्येक उडी रॅमपर्यंत जाऊन येते, साधारण ८० ते १०० नॅनोसेकंद. १ कोटी गुणिले १०० नॅनोसेकंद म्हणजे १ सेकंद. हा गुणाकार मोजणीच्या आधी फळ्यावर करून घ्या. आकडा आधी वर्तवला आणि मग पडद्यावर तोच आला, की मुलं वक्त्याच्या शब्दावर अवलंबून राहत नाहीत.

ऐरोली_सेक्टर:

मोजणीच्या शिस्तीबद्दल थोडं. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि पॉवर मोड परफॉर्मन्स करा. सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) मोजणीपुरता एकच ठेवा. तुमचा ८२५०यू मुळात १५ वॉटचा, टर्बोवर ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, पण ठाण्याच्या उकाड्यात, एसी नसलेल्या खोलीत, प्रोजेक्टरच्या गरम हवेशेजारी तो वेग टिकत नाही. सलग फेऱ्या घेतल्यात तर शेवटच्या फेऱ्या संथ दिसतील आणि दोष कोडवर जाईल. ओळी आणि स्तंभ आलटून पालटून चालवा, म्हणजे तापण्याचा फटका दोघांना सारखा बसेल. सगळे आकडे छापा, तुलना सर्वात कमी वेळांची करा.

आणि पाच-दहा टक्क्यांच्या फरकावर मुलांना वाद घालू देऊ नका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची एकूण लांबी बदलली की स्टॅक सरकतो आणि नुसत्या तेवढ्याने प्रोग्रामचा वेळ बदलतो, हे २००९ साली मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं. संगणकशास्त्रज्ञ एमरी बर्गर यांच्या २०१९ च्या भाषणात यावर छान विवेचन आहे, तुमच्या रविवारच्या यादीत घ्या.

कॅश चुकली (हवा तो डेटा कॅशमध्ये सापडला नाही) हे नुसत्या वेळावरून सिद्ध होत नाही. परफ स्टॅट या लिनक्सच्या साधनाने कॅश-मिसेस आणि डीटीएलबी-लोड-मिसेस मोजा (टीएलबी म्हणजे पानांचे पत्ते लक्षात ठेवणारी प्रोसेसरमधली छोटी नोंदवही). व्हर्च्युअल मशीनमध्ये हे काउंटर बहुतेकदा मिळत नाहीत. तिथे व्हॅलग्राइंडचा कॅशग्राइंड चालतो, फक्त ३.२१ आवृत्तीपासून कॅशचं सिम्युलेशन मुळात बंद असतं, ते पर्याय देऊन चालू करावं लागतं. तो कित्येक पटींनी संथ, म्हणून ॲरे १०२४ × १०२४ करा.

वाशी_गाव:

मुलांच्या प्रतिक्रियांबद्दल लिहितो, कारण तांत्रिक बाजू वरच्यांनी नीट धरली आहे.

हॉपर बाईंची व्याख्यानातली तार तुम्ही हातात दिलीत का? साधारण ३० सेंटिमीटर, म्हणजे एका नॅनोसेकंदात प्रकाश जातो तेवढं अंतर. टेलिफोनच्या वायरचे तुकडे करून प्रत्येकाला द्या. मायक्रोसेकंद ३०० मीटर होतो, बारा डब्यांच्या लोकलपेक्षा लांब. पण इथे एक चुकीचा निष्कर्ष हमखास निघतो, तो त्याच वेळी खोडा. रॅम प्रोसेसरपासून काही सेंटिमीटरवर असते. तांब्यातून सिग्नल प्रकाशापेक्षा हळू जातो हे धरलं तरी जाऊन यायला नॅनोसेकंद-दोन नॅनोसेकंद लागतील. उरलेले ऐंशी-नव्वद अंतराचे नाहीत. ते तिन्ही पातळ्यांच्या कॅश तपासण्यात, मेमरी कंट्रोलरच्या रांगेत, आणि डीरॅमची ओळ उघडून तिचा क्षीण विद्युतभार ओळखण्यात जातात. तार मर्यादा कुठे आहे ते दाखवते, आज वेळ कुठे जातो ते नाही.

‘जुन्या लोकांचं रडगाणं’ याला उत्तर इतिहासातच आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये चालू झालेल्या टिफ्राक संगणकाला फेराइट कोअर मेमरी होती. तिच्यात कोणतंही घर वाचायला सारखाच वेळ. अशा यंत्रावर लिंक्ड लिस्ट पिसलेली असो वा सरळ, काही बिघडत नाही. तुमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकातला हिशोब अशाच यंत्राचा आहे आणि त्या यंत्रापुरता तो बरोबर आहे. पण त्याच्याही आधी, १९५४ च्या आयबीएम ६५० मध्ये मेमरी फिरत्या ड्रमवर होती, मिनिटाला १२,५०० फेरे, एका फेऱ्याला ४.८ मिलिसेकंद. पुढची सूचना वाचनशीर्षाखाली नेमकी वेळेवर येईल अशा जागी ती ठेवावी लागे. चुकलं की आख्खा फेरा वाया. म्हणजे डेटा कुठे ठेवायचा हा प्रश्न आधी होता, मध्ये काही काळ नाहीसा झाला, आणि प्रोसेसर रॅमच्या फार पुढे गेल्यावर परत आला. कॅशची कल्पना ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मांडली, आयबीएमने १९६८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टीम ३६०च्या मॉडेल ८५ मध्ये ती विक्रीच्या यंत्रात आणली. आपल्या घरच्या पीसीत प्रोसेसरच्या आतच कॅश आली ती १९८९ च्या इंटेल ४८६ प्रोसेसरबरोबर, ८ केबी.

आळशीपणाचा आरोपही मला मान्य नाही. ज्याला शिकवताना टिफ्राकसारखी सपाट मेमरी गृहीत धरायला लावली, त्याने तसाच कोड लिहिला. यात दोष शिकवण्याचा आहे.

कोपरी_पूर्व:

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे ॲरे आधी भरला, बेरीज छापली, ओ२, चार्जरवर. आता ओळी ८ मिलिसेकंद, स्तंभ १३२. लिस्ट पिसल्यावर १.१ सेकंद, ॲरे ५ मिलिसेकंद. फळ्यावरचा गुणाकार जुळतोय.

एक शंका उरली. सहज म्हणून ओळीची रुंदी ४०९६ ऐवजी ४११२ केली, बेरजेत तेवढेच आकडे ठेवले. स्तंभांचा वेळ १३२ वरून ५८ वर आला. मेमरी उलट वाढली, मग वेळ का घटला? आणि घटलाच तर ओळींच्या ८ जवळ का गेला नाही?

सानपाडा:

फार चांगलं केलंत, हे प्रात्यक्षिकात ठेवाच. ४०९६ इंट म्हणजे १६,३८४ बाइटांची उडी. तुमच्या एल१ मध्ये ६४ संच आणि प्रत्येकात ८ जागा. कोणता संच हे पत्त्याच्या खालच्या १२ बिटांवरून ठरतं आणि १६,३८४ ला ४०९६ ने निःशेष भाग जातो, म्हणून एका स्तंभातली सगळी घरं एकाच संचात येऊन पडतात. ३२ केबी कॅशमधल्या फक्त ८ लाइन तुमच्या वाट्याला. एल२ मध्येही (पुढच्या, मोठ्या कॅशमध्ये) साधारण हीच गत, तिथेही लाइन मोजक्याच. पुढच्या स्तंभात त्याच लाइनमधला शेजारचा इंट लागतो, पण तोवर ती बाहेर फेकलेली असते. ४११२ केल्यावर प्रत्येक ओळ ६४ बाइटांनी सरकते, घरं सगळ्या संचांत पसरतात. त्या स्तंभाच्या ४०९६ लाइनना २५६ केबी लागतात, एल१ मध्ये मावत नाहीत, पण बऱ्याचशा एल२ मध्ये टिकतात.

उरलेला फरक मुख्यतः टीएलबीचा. ओळ १६ केबीची, पान ४ केबीचं, म्हणजे प्रत्येक पायरीला नवं पान आणि स्तंभ संपेपर्यंत ४०९६ पानं. तुमच्या प्रोसेसरच्या पहिल्या टीएलबीत ६४ नोंदी, दुसऱ्यात १५३६. पत्ता शोधायला दर वेळी पेज टेबल चाळावं लागतं.

ते वेगळं काढून दाखवायचं तर ॲरे अलाइन्ड-अलॉकने २ एमबीच्या सीमेवर घ्या, लगेच मॅडव्हाइज ह्यूजपेज (२ एमबीची मोठी पानं मागणारी सूचना) द्या आणि त्यानंतरच भरा. उबुंटूवर ह्यूजपेज मागितल्याशिवाय मिळत नाहीत. मिळाली की नाही ते प्रोसेसच्या स्मॅप्स फाइलमध्ये ॲनॉन-ह्यूज-पेजेसच्या ओळीत दिसतं, तिथे ० असेल तर मोजू नका. ६४ एमबीला २ एमबीची ३२-३३ पानं लागतात, टीएलबीत सहज बसतात. रुंदी ४०९६ आणि ४११२, साधी पानं आणि ह्यूजपेज, असे चार आकडे एका तक्त्यात मांडा आणि प्रत्येकाशेजारी परफचा डीटीएलबी-लोड-मिसेसचा आकडा लिहा. ह्यूजपेजच्या दोन रकान्यांत तो आकडा कोसळलेला दिसला पाहिजे.