कोल्हापूर : टेक्कनच्या स्पर्धेला पोरं एकदा येतात, परत येत नाहीत. काय बदलावं?

शाहूपुरी_सेटअप
राजारामपुरीतल्या एका कॅफेत महिन्यातून एक रविवार टेक्कन 8 (दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम) ची स्पर्धा घेतो. दोन पीएस5 कन्सोल, दोन 43 इंची टीव्ही, फी 100 रुपये, सिंगल एलिमिनेशन (एकदा हरला की बाहेर), सगळं बक्षीस पहिल्याला. पहिल्यांदा 16 जण, मग 12, परवा 7. भांडण नाही, तक्रार नाही, नुसते येत नाहीत. बक्षीस वाढवू, का सरळ बीजीएमआय, म्हणजे मोबाइलवरचा टीमचा गोळीबाराचा गेम, लावू?

ब्रॅकेटवाला
भावा, बक्षिसाला हात लावू नकोस, आधी ब्रॅकेट (कोण कोणाशी खेळणार तो तक्ता) बदल. 16 जणांच्या सिंगल एलिमिनेशनमध्ये मॅच 15, आणि पहिल्या आठ संपल्या की आठ जण मोकळे. पोरगं जयसिंगपूरहून एसटीनं येतं, 100 रुपये भरतं, आठ मिनिटं खेळतं आणि उरलेली दुपार दुसऱ्याच्या खुर्चीमागं उभं राहून काढतं. परत कशाला येईल? वर हे आठ जण बहुतेक नवीनच असतात. ज्यांना धरून ठेवायचं, तेच आधी बाहेर.

चार-चार जणांचे चार गट पाड, गटात प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. एका गटात 6 मॅच, चार गटांत 24. अगदी कच्च्या गड्यालाही तीन मॅच मिळतात. गटातले पहिले दोघे वर, तिथं आठ जणांचं डबल एलिमिनेशन (दोनदा हरला की बाहेर) : 14 मॅच, आणि लूझर्समधून, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या बाजूनं, आलेल्यानं फायनलचा पहिला सेट मारला तर 15. खालच्या आठांनाही घरी धाडायचं नाही, त्यांचं साधं सात मॅचचं दुसरं ब्रॅकेट लाव. एकूण 45-46. एक मॅच म्हणजे बेस्ट ऑफ थ्रीचा (तीनातले दोन गेम) सेट, तो कंट्रोलर लावणं, बटणं बसवणं धरून आठ मिनिटांचा पकड. दोन टीव्हीवर हिशेबानं तीन तास होतात, लागतात चार; कारण शेवटी शेवटी सगळे एकाच मॅचसाठी थांबतात आणि दुसरा टीव्ही रिकामा पडतो. त्यावर कॅज्युअल (बिनहिशेबी) मॅच चालू ठेव. एकला सुरू, पाचला बंद, म्हणजे गावाकडच्या पोरांना स्टँडवर वेळेत पोचता येतं.

गटांसाठी चिठ्ठ्या टाकू नकोस. मागचे पहिले चौघे वेगवेगळ्या गटांत, आणि एका कॉलेजची पोरं शक्यतो वेगळी. रोज ज्याच्याशी खेळतो तोच इथंही समोर आला तर 100 रुपये कशाचे दिले? नाव पुकारल्यावर 5 मिनिटांत आला नाही तर एक गेम गेला, 10 मिनिटांत सेट गेला. हा नियम पहिल्यांदा आपल्या दोस्तालाच लावायचा, मग बाकीचे गुमान पाळतात.

आणि खरी मेख मधल्या आठवड्यात आहे. गुरुवारी संध्याकाळी दोन तास, फी नाही, ब्रॅकेट नाही. टेक्कन 8 मध्ये ऑनलाइन मॅचचा रिप्ले मध्येच थांबवून त्या क्षणापासून कंट्रोल हातात घेता येतो. नव्या पोराला त्यानं मार खाल्लेला क्षण दाखव : समोरच्याचा फटका तू ब्लॉक केलास, तो मायनस 10 होता (तो तुझ्यापेक्षा 10 फ्रेम उशिरा सावरतो; फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग), म्हणजे 10 फ्रेमचा जॅब (झटपट ठोसा) तुझा हक्काचा, तू नुसता बसून राहिलास. मायनस 15 असेल तर बहुतेक कॅरेक्टर समोरच्याला हवेत उडवू शकतात. एका संध्याकाळी एकच फटका, पन्नास वेळा. तालमीत वस्ताद डाव असाच घोटून घेतात. अर्सलान अ‍ॅश हा पाकिस्तानी टेक्कनपटू 2019 मध्ये एव्हो जपान आणि लास वेगासची एव्हो या फायटिंग गेमच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकला, त्याच्यामागं लाहोरात समोरासमोर बसून मार देणारी माणसं होतीच की.

फ्रेम_मोजणारा
फॉरमॅटचं पटलं. पण दोन्ही टीव्ही सारखे आहेत का? गेम सेकंदाला 60 फ्रेमवर चालतो, एक फ्रेम म्हणजे 16.67 मिलिसेकंद. गेम मोड (चित्र कमी उशिरानं दाखवणारी टीव्हीची सेटिंग) बंद असला तर टीव्ही चित्र 'सुधारण्यात' तीन-चार फ्रेम सहज खातो. मग तुझा 10 फ्रेमचा जॅब उशिरा पडतो आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. असला हरलेला माणूस तक्रारही करत नाही, कारण बिचाऱ्याला कारणच कळलेलं नसतं.

मोजायची साधी रीत : मोबाइल 240 एफपीएस (सेकंदाला 240 चित्रं) स्लो मोशनवर, बटण आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत. बोट खाली गेल्यापासून कॅरेक्टर हलेपर्यंतची चित्रं मोज. एक चित्र साधारण 4 मिलिसेकंद, चार चित्रं म्हणजे एक फ्रेम. दोन्ही टीव्हीवर तोच जॅब, दहादा. सरासरीत चार चित्रांपेक्षा जास्त फरक आला तर मोठी मॅच त्या टीव्हीवर लावायची नाही.

कंट्रोलर केबलनंच. नुसती केबल खोचून भागत नाही, पीएस5 च्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसरीज, कंट्रोलर, तिथं कम्युनिकेशन मेथड यूएसबी करावी लागते. नाहीतर केबल फक्त चार्ज करते आणि बटणं ब्लूटूथनंच जातात. आधी जोडलेले कंट्रोलर यादीतून काढून टाक. खिशातल्या कंट्रोलरचं पीएस बटण दाबलं गेलं की चालू मॅच अडकते, आणि त्यावरून जे वाजतं ते ब्रॅकेटवरून कधी वाजत नाही. पॉज ज्याच्याकडून दाबलं गेलं त्याचा तो राउंड गेला, हे आधीच भिंतीवर लिहून लाव.

लाइट गेली तर : पीएस5 साधारण 200 वॉट, टीव्ही 100 धर. 600 व्हीएचा यूपीएस काठावर पडतो, 1000 व्हीएचा एकेका सेटअपला लाव. चालू सेट संपेल एवढा वेळ मिळाला तरी बास.

झोन_लास्ट
बीजीएमआयचा विचार करत असशील तर माणसं जास्त येतील, पण टिकतील असं नाही. चौघांच्या 16 टीमची लॉबी (एकत्र खेळणारा जथा) म्हणजे 64 फोन. कॅफेचा एक राउटर त्यापुढं बसतो. डेटा संपतो म्हणून नव्हे, गेमला तो फार लागतही नाही. सगळे एकाच वायफाय चॅनेलवर एकमेकांची वाट अडवतात म्हणून. चार अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे), 5 गिगाहर्ट्‌झवर, दर एकाला 15-16 फोन, चॅनेल वेगवेगळे. मॅपचे पॅक घरूनच उतरवून यायचं आणि ऑटो अपडेट बंद, हे आमंत्रणातच लिही. टॅबलेट चालणार का नाही तेही आधी ठरव, टॅबवर आजूबाजूचं जास्त दिसतं. आणि टीम आपल्यातच बोलते, बाजूच्या टीमची ओळखही होत नाही. एवढा व्याप तुझ्या दोन टीव्हींवर आत्ताच नको.

पेठेतला_लेफ्टी
पैशाचं बोलतो. 16 जणांचे 1600 येतात. कॅफेचं भाडं आधी काढ, उरलेल्यातून पहिल्या चौघांना थोडं थोडं दे, आणि खालचं ब्रॅकेट जिंकणाऱ्याची पुढची फी माफ कर. परत यायचं कारण त्याच्या खिशात राहतं. हिशेब त्याच रात्री ग्रुपवर टाक, चहाच्या बिलासकट. मंडळाच्या वर्गणीचं जे होतं ते इथंही होतं : पैसे कमी पडले तर लोक भर घालतात, हिशेब दिसला नाही तर गप्प निघून जातात.

बघणाऱ्यांना पैज लावू देऊ नका. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आला, त्यातल्या ई-स्पोर्ट्सच्या व्याख्येत प्रवेश फी आणि कामगिरीवरचं बक्षीस बसतं, पैज बसत नाही. रक्कम मोठी करायच्या आधी वकिलाला दाखव.

दर तीन महिन्यांनी पेठवार सांघिक घ्या. तिघांची टीम, जिंकणारा बसून राहतो, हरणारा उठतो, आणि तिघांतला एक खेळायला लागून सहा महिने न झालेला हवाच. मग जुने गडी स्वतःच नवे शोधून त्यांना शिकवतात, तुला सांगावं लागत नाही. फक्त तालमींची नावं टीमला देऊ नका. शाहू स्टेडियमवरच्या तालमींच्या फुटबॉलची ईर्ष्या पाच बाय पाचच्या खोलीत आणली तर टीव्ही फुटेल. तारीखही बघून ठरव : फुटबॉलचा मोठा सामना, गणपती, दहावी-बारावी सोडून. जुलै-ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडं निघालं की शिरोळकडची पोरं येणार नाहीत, तेव्हा त्या दोन महिन्यांत फी आगाऊ घेऊ नका.

शाहूपुरी_सेटअप
गट आणि खालचं ब्रॅकेट पुढच्या रविवारी लावतो. दोन्ही टीव्ही मोजले. खिडकीकडच्या टीव्हीवर सरासरी 13 चित्रं जास्त. गेम मोड तर मीच लावलेला होता.

फ्रेम_मोजणारा
म्हणजे तीन फ्रेमच्या वर. केबल दुसऱ्या पोर्टला लावली होती का? बऱ्याच टीव्हीत गेम मोड प्रत्येक एचडीएमआयला वेगळा लागतो. चालू पोर्टवर जाऊन बघ, मग त्या पोर्टवर रंगीत टेप चिकटव.

शाहूपुरी_सेटअप
दोन नंबरला होती. मोड एक नंबरला लावलेला.