बाजार की सरकार? अर्थविचारांचा इतिहास वाचायचाय, सुरुवात कुठून करू?

पूर्वभागची लेक
नमस्कार. सोलापूरला आमचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. सुताचा दर चढला की बाबा म्हणतात, सरकारनं लक्ष घालायला पाहिजे. काकांचा कांद्याचा व्यापार. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, तेव्हापासून ते म्हणतात, सरकारनं बाजारात पाऊलच ठेवू नये. रोज जेवताना हाच वाद. मी बीकॉम झाले, पण हे विचार आले कुठून, ते माहीत नाही. ॲडम स्मिथपासून सुरू करू का?

जुना मास्तर
करा ताई, पण सलग वाचू नका. स्मिथच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ (१७७६) या ग्रंथामधलं टाचण्यांचं प्रकरण आधी घ्या. दहा माणसं कामं वाटून घेतात आणि दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. कांड्या भरणं, माग चालवणं, टॉवेल शिवणं वेगवेगळ्या हातांनी होताना तुम्ही पाहिलंय, तुम्हाला ते लगेच कळेल. मग थेट पाचवा खंड उघडा. संरक्षण, न्याय आणि रस्ते-पुलांसारखी एकट्यादुकट्याला न परवडणारी कामं सरकारची, हे तिथं आहे. स्मिथ म्हणजे फक्त ‘अदृश्य हात’ (जो तो आपला फायदा बघतो, त्यातूनच नकळत सगळ्यांचं भलं होतं) असं समजणाऱ्यांनी हा खंड वाचलेलाच नसतो. त्या अख्ख्या ग्रंथात ते शब्द एकदाच येतात!

पण इंग्लंडातच थांबू नका. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात व्याख्यान दिलं, ते मिळवा. तिथले सिद्धांत इथं जसेच्या तसे लागू होत नाहीत, हा त्यांचा मुद्दा.

आणि बाबासाहेब वाचल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) मध्ये चलन सरकारच्या मर्जीवर सोडायला त्यांचा विरोध आहे. तेच बाबासाहेब १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती आणि पायाभूत उद्योग सरकारकडे द्या म्हणतात. कशात सरकार हवं आणि कशात नको, हे त्यांनी एकेक प्रश्न घेऊन तपासलं. तुमच्या घरातल्या वादाला मला हीच वाट बरी वाटते.

सूतकताई
मंदीत सरकारनं खर्च वाढवावा म्हणणारा केन्स (त्याचा १९३६ चा ग्रंथ) आणि बाजारावर भिस्त ठेवणारा हायेक, हे दोन अर्थतज्ज्ञ जोडीनं वाचा. हायेकचा १९४५ चा निबंध छोटा आहे. कथिल का महागलं हे ठाऊक नसतानाही लोक ते जपून वापरू लागतात, भावच त्यांना बातमी देतो. सुताच्या दराला हे लावून बघा. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी तर सोलापूर शहराचाच अभ्यास केलाय, हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारा.

पूर्वभागची लेक
खूप आभार! टाचण्यांचं प्रकरण बाबांना वाचून दाखवलं. आई मध्येच म्हणाली, त्या दहा जणांना मजुरी काय मिळायची? स्मिथ यावर बोलतो का?

जुना मास्तर
आईंनी नेमकं विचारलं. पहिल्या खंडातलं आठवं प्रकरण मजुरीवरच आहे. मजुरी वाढू नये म्हणून मालकांची सगळीकडे, कायम, न बोलता एकी असते, असं त्यानं लिहिलंय. तेही बाबांना वाचून दाखवा.